लाल चिठ्ठीचा भुंगेरा

"आणि हा का सोडलास?"

केळुसकर सरांनी खणातल्या शेवटच्या भुंगेऱ्याकडे बोट दाखवलं आणि शलाका एकदम गप्प झाली.

इतका वेळ बाईंचं तोंड नुसतं चालू होतं. संग्रहालयातल्या हुमणीच्या भुंगेऱ्यांची जुनी वर्गवारी पुन्हा तपासायचं काम सरांनी आपल्या या विद्यार्थिनीवर सोपवलं होतं. जुन्या काळच्या गोऱ्या साहेबांनी वेगवेगळी नावं दिलेल्या जाती तिने एकामागून एक निकालात काढल्या. वेगळ्या कसल्या, सगळ्या एकच! भुंगेऱ्याच्या टाचणीवर प्रत्येक साहेबाच्या चिठ्ठीखाली आपल्या निकालाची चिठ्ठी टोचताना ती खुदकन हसायची. "यांना दिसत नव्हतं का हो, सर?"

आता हसू कुठल्या कुठे पळालं.

"सर, तो... तुमचा आहे."

खरंच होतं ते. उभ्या आयुष्यात सरांनी एकच जात नवी म्हणून जगापुढे मांडली, ती ही. आंबोलीला दिव्यावर आलेला हा एकटा, रंगाने जरा निराळा भुंगेरा. त्याच्या टाचणीला लाल चिठ्ठी, म्हणजे हा त्या नावाचा मूळ नमुना. तसा दुसरा आजवर कुणालाच मिळाला नाही. सरांची ओळख करून देताना लोक अजूनही आधी याचंच नाव घेतात.

"तुला काय वाटतं?"

"वरून बघून काय सांगणार, सर? रंग काय, एकाच जातीतही बदलतो. पोट उघडून आतले अवयव बघितल्याशिवाय जात कशी..."

"मग उघड."

"एकुलता एक आहे, सर! मोडला तर?"

"साहेबांचे उघडलेस. तेही लाल चिठ्ठीचेच होते."

"ते कुठे भांडायला येणार होते!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

थर्मासमधलं कढत पाणी सरांनी वाटीत ओतलं. टाचणीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून उतरवल्या, टेबलावर ठेवल्या. आणि भुंगेरा टाचणीसकट पाण्यात बुडवला.

"अहो सर!"

वाटी ओढून घ्यावी, तर शलाकाचा हात पुढे होईना. आयुष्यभराची कमाई माणूस असा पाण्यात बुडवतो?

नरम झाल्यावर सरांनी तो बाहेर काढला, चिमटा हातात घेतला. एक पाय तुटून पडला. तिने डोळे मिटले. सर थांबले नाहीत, पोट उघडून आतला भाग त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

"बघ."

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"काय आहे?"

"सर..."

"काय आहे, ते सांग."

"नेहमीचाच आहे, सर. आंबोलीला ढिगाने मिळतो, तोच."

एवढं बोलली आणि रडायलाच लागली. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, स्वतः वाकून बघितलं.

"हो. तोच आहे."

मग त्यांनी भुंगेरा कोरडा केला आणि हात पुढे केला. "चिठ्ठ्या दे."

तिने ठिकाणाची दिली. लाल दिली. सरांच्या अक्षरातली नावाची चिठ्ठी मात्र टेबलावर नव्हती.

"मूठ उघड."

"राहू दे ना, सर. कुणाला कळणार आहे? लोक हसतील हो तुम्हाला."

"शलाका, मूठ."

तिने मूठ उघडली. घामाने भिजून चिठ्ठीची गोळी झाली होती. सरांनी ती अंगठ्याने सरळ केली आणि होती तिथे पुन्हा टोचली.

"आता तुझी."

तिने नाक पुसलं, त्या नेहमीच्या जातीचं नाव लिहिलं, खाली स्वतःचं लिहिलं. चिठ्ठी टोचून पार टाचणीच्या टोकाशीच ठेवली.

"वर सरकव. खाली जागा ठेव."

"आता कशाला जागा, सर? झाला की निकाल."

सरांनी भुंगेरा त्याच्या जागी रोवला आणि खण आत ढकलला.

"येईल कोणीतरी. तुझ्यासारखंच... हसत."