चाकवताची पिवळी चिंधी

एकदा काय झालं, एका राणीनं मायेपोटी एक चिंधी सोडली आणि सगळ्या राज्यातला चाकवत संपला. कसा संपला? सांगते. आधी पांघरुणं नीट घ्या बघू.

राणीचं नाव मालन. तिला नवसासायासानं झालेली एकुलती एक लेक, बकुळा. लेक गोड, पण पानावर बसली की नखरे फार. शेपूला वास येतो, मेथी कडू लागते, माठाला चवच नाही. मुकुल, हसतोस काय? बकुळेचं सांगतेय मी, तुझं नाही. तिला आवडायचा तो एक चाकवत. ताकातला, डाळ-दाणे घातलेला, वरून लसणाची फोडणी. मग काय, राणी थंडीभर चाकवतच करायची. हो, स्वतःच्या हातानं! राणी झाली म्हणून काय झालं, आईच ना ती.

आता त्या राज्यात चाकवताचा एकच वाफा होता, राणीच्या परसात. आणि एक रीत होती, बरं का. वाफ्यातलं शेवटचं झाड खुडायचं नाही. त्याला पिवळी चिंधी बांधायची. चिंधी बांधली की ते झाड बियाचं. मग राजानंसुद्धा त्याला हात लावायचा नाही.

फाल्गुन आला. ऊन तापायला लागलं. वाफ्यात चिंधीचं तेवढं झाड उरलं. बकुळा ताटावर रुसून बसली. राणीला वाटलं, एवढ्यानं काय होतंय? तिनं चिंधी सोडली, झाड उपटलं आणि शिजवलं. लेक पोटभर जेवली. राणीच्या काळजात मात्र चर्र झालं.

मग दुसऱ्या दिवसापासून लेकीनं अन्नच टाकलं. "चाकवत दे, तरच जेवीन." वैद्य आले, मात्रा चाटवून गेले. राजानं चारी दिशांना माणसं धाडली. कुठं बी म्हणून मिळेना. नुसत्या दुधाच्या घोटावर पोर वाळून काडी झाली.

मग राणी त्या रिकाम्या वाफ्यात जाऊन रडली. आसवं मातीत पडली, तशी माती हलली आणि आतून एक म्हातारी वर आली. केसांत मुळं, अंगाला ओल. ती भुईआजी.

"बियाचं झाड खाल्लंस ना गं बाई?"

"खाल्लं, आजी. लेकीसाठी."

"अगं, लेकीसाठीच तर ते ठेवायचं असतं."

राणीनं हात पसरला. मग भुईआजीनं तिच्या तळहातावर चिमूटभर बी ठेवलं. म्हणाली, "थंडी पडली की पेर. त्याआधी ते उगवायचं नाही. तोवर माझ्या तिघी लेकी तुझ्या दारावरून जातील. एकीलाही माघारी पाठवू नकोस." आणि गेली की मातीत.

मग उन्हाळ्यात आली घोळूबाई. बुटकी, गुबगुबीत, घामेजलेली. राणीनं तिला पाट दिला, पाणी दिलं. तिनं घोळूची जुडी दिली. राणीनं डाळ घालून भाजी केली. बकुळेनं नुसतं बोट लावलं आणि तोंड फिरवलं.

मग पावसात आली टाकळाबाई. रानातली, पायाला चिखल. पहारेकरी तिला हाकलायला निघाले, तर राणी स्वतः धावली. तिचे पाय धुतले. टाकळ्याला कांदा घातला, खोबरं घातलं. बकुळेनं एक घास खाल्ला. एकच हं! पण खाल्ला.

मग भाद्रपदात आली अळूबाई. अंगावर हिरवा शालू, रुबाब काय विचारता! राणीनं घाईघाईनं अळूचं फदफदं केलं. आणि आनंदाच्या भरात चिंच घालायचीच विसरली! आता चिंचेशिवाय अळू म्हणजे काय होणार, तुम्हीच सांगा. राणीनं आधी स्वतः घास घेतला, मग लेकीला भरवला. झालं! दोघींचे घसे खवखवायला लागले. राणी गळा धरून खाकरतेय, मुकुट आलाय कानावर. ते बघून बकुळा खुदकन हसली. किती महिन्यांनी हसली पोर! राणी हसता हसता रडायला लागली. मग दोघींनी चिंचेचा गोळा चोखला. आणि चिंचेनं भूक अशी खवळली म्हणता! राणीनं पुन्हा चुलीवर ठेवलं, या वेळी चिंच घालून, आणि लेकीनं वाडगाभर खाल्लं.

मग काय, पडवळ आला, भोपळा आला, शेपूसुद्धा आला. बकुळा जे येईल ते खाऊ लागली. थंडी पडली तशी राणीनं बी पेरलं. इवली इवली पानं वर आली. चाकवत आला! मायलेकींनी मनसोक्त खाल्ला.

पुन्हा फाल्गुन आला. वाफ्यात एकच झाड उरलं. बकुळा त्याच्याकडे बघत होती. राणीचा जीव कळवळला. माया वेडी असते रे, तिचा हात पुन्हा झाडाकडे गेला.

तेवढ्यात बकुळेनं आपल्या पिवळ्या परकराची कड टरकन फाडली आणि झाडाला बांधली.

"राहू दे ना, आई. मी थांबेन त्याच्यासाठी."

राणीनं लेकीला पोटाशी धरलं. झाड उंच झालं, बियानं भरलं, राणीनं ते बी सगळ्यांना वाटलं, आणि दर थंडीला राज्यात घरोघरी चाकवत शिजू लागला. सगळे पोटभर जेवले, सुखात राहिले. तुम्हीही आता डोळे मिटा, बाळांनो. आणि मुकुल, उद्या शेपू आहे.