भिंतीला टेकवलेली पाठ

"दार लावून आत करते तरी काय ती?"

आत्यांचा आवाज गॅरेजातून आला. मी मागच्या पायरीवर होते, हातात चहाचा ट्रे. पुढचं पाऊल तिथंच राहिलं.

"आमच्यात काय वाघ हाईत? जेवण झालं की आत, दार बंद… सून घरात आली, पण परकीच राहिली बघा."

 मामांचा पॉलिश पेपर घासल्याचा आवाज तेवढा चालू राहिला.

मी पायरीवर चप्पल जरा आपटली आणि मग आत गेले. ऐकलेलं ऐकलं नाही असं दाखवायचं, तर आवाज करत जावं लागतं.

सासूबाईंना आमच्याकडं आत्या म्हणतात, सासऱ्यांना मामा. गावाला मात्र मामा म्हणजे मास्तर. कुरुंदवाडच्या आमच्या रस्त्याला जुनी मोटरसायकल ढकलत येणारा कुणीही आधी एवढंच विचारतो, "मास्तर हाईत का?" घर वर, गॅरेज खाली. या भागातल्या कितीतरी मेकॅनिकांचे हात पहिल्यांदा काळे झाले ते इथंच. माझ्या नवऱ्याचे, भरतेशचेही.

मामांची शिकवायची रीत एवढीच. चूक करणाऱ्याला अडवायचं नाही. चूक पुरी होईपर्यंत चहा प्यायचा.

त्या दिवसापासून मी दुपारी दार उघडं ठेवू लागले.

उघड्या दारातून सगळ्यांची माया आत आली आणि पलंगावर बसली. आत्या शेंगा फोडायला माझ्याच खोलीत यायच्या. "एकटी काय बसतीस गं?" मग शेजारच्या काकू. मग काकूंची नात, तिला माझ्या बांगड्या बघायच्या असायच्या. सगळ्यांना मी आवडत होते. दुपारचा जो तासभर मी काहीच करत नसे, फक्त माझी मी असे, तो मात्र गेला.

कुणी वाईट नव्हतं. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं.

भरतेशला सांगून बघितलं.

"जवळजवळ राहिलं की नातं घट्ट होतंय," तो म्हणाला. "त्रास देतेत का तुला?"

"नाही."

"मग?"

 जयसिंगपूरला वेगळी खोली बघूया, एवढं एक वाक्य माझ्याजवळ तयार होतं. ते बोलले असते तर आत्या जन्मभर स्वतःची चूक शोधत बसल्या असत्या. आणि नाही बोलले, तर एखाद्या दिवशी मी बॅग भरून माहेरी गेले असते आणि परतायचं नाव काढलं नसतं. हे मला दिसत होतं. म्हणून मी गप्प होते. तशी मी गप्पच असते, त्यामुळे कुणाला फरक कळला नाही.

रविवारी गॅरेज बंद. भरतेशनं पेगबोर्ड आणला.

पेगबोर्ड म्हणजे ओळीनं भोकं पाडलेला मोठा बोर्ड. तो भिंतीवर बसवायचा, भोकांत हूक अडकवायचे, हुकांवर पाने, पकडी, हातोड्या टांगायच्या. तोवर आमची हत्यारं एका पत्र्याच्या पेटीत असत. कुठला पाना कुठं आहे, ते फक्त मामांना ठाऊक.

"आप्पा, बघा आता," भरतेश वडिलांना म्हणाला. "आसा बसवतो, भूकंप झाला तर भिंत जाईल, बोर्ड जायचा न्हाई."

मामांनी बोर्डाकडं बघितलं. मग भिंतीकडं.

"मागं काय लावणार?"

"मागं? मागं भिंत हाय की."

"हं…" मामा स्टुलावर बसले. "त्रिशला, अर्धा कप दे अजून."

चूक मोठी असणार, हे मला तिथंच कळलं.

भरतेशनं ड्रिल मारलं, प्लग ठोकले, पाणसळ लावून बोर्ड सरळ बसलाय का ते बघितलं. मग सगळ्या कडांनी स्क्रू असे आवळले की बोर्ड आणि भिंत यांच्यामध्ये पोस्टकार्ड शिरलं नसतं. दोन्ही हातांनी त्याला लोंबकळून बघितलं.

"हाललं का? सांगा, हाललं का?"

"न्हाई रे बाबा," आत्या म्हणाल्या. त्या पोह्यांच्या ताटल्या घेऊन खाली आल्या होत्या. "शोभतंय की."

मामा चहा पीत होते.

भरतेशनं पहिला हूक उचलला. हुकाला मागं एक वाकडं शेपूट असतं. ते भोकातून पलीकडं जाऊन वर वळतं, तेव्हा हूक धरतो. शेपूट भोकात गेलं आणि थांबलं. पुढं भिंत.

दुसरं भोक. भिंत.

तिसऱ्यावर त्यानं हातोडी घातली. भोकाची कड फुटली.

"हूकच बोगस दिलेत."

"दुकानदारानं फशिवलं असंल," आत्या म्हणाल्या.

"थांबा, मी करतो त्येला." भरतेशनं हॅक्सॉ घेतली आणि दोन हुकांची शेपटं कापून टाकली. आता ते भोकात बसले. त्यानं मोठा पाना टांगला, मागं सरला, कमरेवर हात ठेवले.

पाना हुकासकट खाली आला. अंगठा थोडक्यात वाचला.

भरतेश मामांकडं वळला.

"आप्पा, तुमाला आधीच ठावं हुतं न्हवं?"

मामांनी कप खाली ठेवला. उठले, पाना उचलला.

"भिंतीला पाठ टेकीव."

"काय?"

"टेकीव. टाचा बी."

भरतेश रिकाम्या भिंतीला जाऊन चिकटला. मामांनी पाना त्याच्या पायापुढं ठेवला.

"गुडघं सरळ ठिवायचं. पाय हालवायचं न्हाई. उचल."

भरतेश वाकला आणि तोंडावर जाता जाता वाचला.

"परत."

पुन्हा तेच. कंबर मागं जायला बघायची आणि मागं भिंत. आत्यांनी पदर तोंडाला लावला. मीही कुठंतरी दुसरीकडं बघितलं.

"भिंत ढकलती मला, आप्पा."

"भिंत हाय तितंच हाय."

"आवो पण पाठीला पुरा आधार हाय की! मग पडतोय कसा मी?"

"पुरा हाय," मामा म्हणाले. "तेच."

"बाजूला सर, मला बघू दे," आत्या म्हणाल्या. "तुला वाकायचं काय जमणार, बसून बसून पोट सुटलंय." त्यांनी निऱ्या सावरल्या, भिंतीला पाठ लावली, टाचा लावल्या आणि मोठ्या आत्मविश्वासानं वाकल्या.

"अगं बाई!"

मामांनी दंडाला धरलं म्हणून बरं. भरतेश मोकळेपणी हसला. "आता? पोट कुणाचं सुटलंय?"

आत्या हसल्या नाहीत. त्यांनी एकदा भिंतीकडं वळून बघितलं. मग एक पाऊल पुढं आल्या, वाकल्या, पाना सहज उचलला आणि हातात धरून उभ्या राहिल्या.

"…आता उचलला की."

"व्हय," मामा म्हणाले.

"म्हंजी भिंत सोडायची?"

"पडलीस का सोडून?"

आत्यांनी पाना भरतेशच्या हातात दिला आणि ताटल्या गोळा करायला लागल्या. एकाही ताटलीतले पोहे संपले नव्हते.

भरतेशनं बोर्ड उतरवला. मागच्या पडवीतून लाकडी रिपा, बोटभर जाडीच्या पट्ट्या, आणल्या. या वेळी त्यानं आधी भिंतीवर रिपा मारल्या, एक या कडेला, एक त्या कडेला, आणि त्यांच्यावर बोर्ड. आता मागं बोट सहज जात होतं. न कापलेला हूक शेपटासकट आत गेला, वर वळला, कट्ट करून बसला.

"हे घ्या!" त्याचा आवाज पुन्हा चढला. "मागं मोकळंच मोकळं. भिंतीचा संबंधच ठिवला न्हाई."

त्यानं भराभर हत्यारं टांगली. जड होती ती मध्ये, कारण तिथं ती दिसतात चांगली.

मामा उठले.  बोर्डाच्या मधोमध अंगठा ठेवून नुसता दाबला. बोर्ड आत लवला, हत्यारं एकमेकांवर आपटून खणखणली.

भरतेशचा चेहरा पडला. "आता काय झालं? मोकळं सोडा म्हणालासा की तुमी."

"मोकळं सोड म्हणालो. वाऱ्यावर सोड न्हवं."

…

भरतेशनं हत्यारं काढली. एखादं काम तो बडबड न करता करतो, असं मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते. मध्ये लावायला त्यानं आणखी एक रीप आणली, ती मी धरली. ड्रिलचा भुगा माझ्या केसांवर पडत होता आणि मला वाटत होतं, जयसिंगपूरची खोलीही मोकळीच मोकळी… तिला मधली रीप कोण लावणार?

बोर्ड पुन्हा चढला. मामांनी पुन्हा अंगठा ठेवला. लवला नाही.

त्यांनी हत्यारं लावायला घेतली नाहीत. स्टुलावर बसून भरतेशकडं बघत राहिले. भरतेशनं एकेक पाना लावला, आणि प्रत्येक वेळी कट्ट असा छोटा आवाज आला. शेवटी त्यानं पत्र्याची रिकामी पेटी पायानं बाजूला सरकवली.

"जमलं," आत्या म्हणाल्या. नेहमीसारख्या मोठ्यानं नाही. त्या बोर्डाच्या कडेशी जाऊन आत, फटीत बघत होत्या. "आत काईच न्हाई बघ. नुसती जागा."

"हां आई, नुसती जागा," भरतेश म्हणाला. "तिथं काय असणार?"

आत्या तशाच उभ्या. मग माझ्याकडं वळल्या. काहीतरी विचारायचं होतं त्यांना, पण शब्द सापडत नव्हते. त्यांच्याकडं शब्द नाहीत, असंही मी पहिल्यांदाच बघत होते.

मामांनी माझ्याकडं न बघता कप पुढं केला. मी किटली उचलली.

"त्रिशला."

"हां मामा."

"तू काय तरी बोलणार हुतीस."

मी काही बोलणार नव्हते. त्यांनी कप भरू दिला, पण मागं घेतला नाही. दोघांच्यामध्ये तो तसाच धरून बसले.

भरतेश हात पुसता पुसता थांबला. आत्याही थांबल्या. जयसिंगपूरचं वाक्य माझ्या तोंडात इतके दिवस तयार होतं, आता ते सरळ बाहेर येईल असं मला वाटलं. आलं नाही. मी किटली खाली ठेवली.

"उद्यापासून जेवणं झाली की मी थोडा वेळ खोलीचं दार लावणार, आत्या. तुम्ही ठोठावलंत की उघडीन."