चौऱ्याऐंशी प्रश्न

“आणि एवढं विचारल्यावर ती काय म्हणाली?”

“काहीच नाही.”

“एकाचंबी उत्तर न्हाई?”

“नाही, आक्का.”

आक्कांनी हातातला कागदांचा गठ्ठा वरून खालपर्यंत पुन्हा एकदा पाहिला. टेकडीवरच्या त्या लहानशा मठात त्या चाळीस वर्षं एकट्या राहत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

“उलटा धरलाय तुम्ही,” डॉ. हेमांगी बिडवई म्हणाल्या.

“तू सुलटा धरलास, तुला काय कळालं?”

हेमांगीबाईंना हसू आलं नाही.

सव्वीस वर्षं त्या वाढत्या वयातल्या मुलामुलींचा अभ्यास करत होत्या. ही मुलं का चिडतात, का गप्प होतात, कुणावर विश्वास ठेवतात, हेच त्यांचं काम. त्यांची तीन पुस्तकं होती. त्यांची चौऱ्याऐंशी प्रश्नांची प्रश्नावली कितीतरी शाळांत वापरली जायची. ‘मनातलं कुणाला सांगता?’ हा त्यातलाच एक प्रश्न. त्यापुढे या भागातल्या चौदा मुलींनी एकच उत्तर लिहिलं होतं. मठातल्या आक्कांना.

ते वाचून हेमांगीबाईंना जरा लागलंच होतं. तरी आज त्या स्वतः टेकडी चढून आल्या होत्या.

कारण तेजल.

तेजल पंधरा वर्षांची, नववीतली. संक्रांतीनंतर तिनं बोलणं सोडलं. घरी नाही, शाळेत नाही. घशाच्या डॉक्टरांनी घसा चांगला आहे असं सांगितलं. हेमांगीबाईंनी सहा वेळा तिची भेट घेतली. सहाही वेळा ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

वडील म्हणाले, सोमवारी शाळेतून नाव काढतो. बोलतच नाही ती शिकून काय करणार?

आज शनिवार होता.

तेजल खाली पायरीवर पाठ फिरवून बसली होती. सोबत आली होती, पण सोबत नव्हती.

“तिला माझ्यासमोर बसवा, आक्का,” हेमांगीबाई हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्ही जवळ असलात तर कदाचित…”

“समोर कशाला?”

“डोळ्यांत बघून बोललं की मुलांना वाटतं, आपलं कुणीतरी ऐकतंय. मी शिक्षकांना हेच शिकवते.”

“समोर फौजदार बसतो,” आक्का म्हणाल्या.

त्या उठल्या. कोपऱ्यातलं पोतं ओढत ओसरीवर आणलं आणि ओतलं. वाळलेल्या चिंचांचा हा एवढा ढीग झाला. तीन दगड मांडले, एका ओळीत. बसणाऱ्याचं तोंड समोरच्या डोंगराकडे होईल असे.

“पदर खोच.”

“आक्का, मी चिंच फोडायला आलेली नाही. परवा त्या मुलीची शाळा सुटणार आहे.”

“ठाऊक हाय मला. मधी बस तू.”

तेजलला कुणी बोलावलं नाही. ती आपण होऊन उठली आणि तिसऱ्या दगडापाशी येऊन बसली.

हेमांगीबाईंनी पिशवीतून लहानसं यंत्र काढलं आणि बटण दाबून आपल्या आणि तेजलच्या मधे ठेवलं.

“हे काय?”

“बोलणं साठवून ठेवतं.”

“बोलणं झालं का?”

“नाही अजून.”

“मग साठवतं काय ते?” असं म्हणत आक्कांनी त्याच्यावर टोपलं पालथं घातलं.

काम तसं सोपं. टरफल काढायचं, चिंच दगडावर धरायची, लाकडी दांडक्याचा हलका टोला द्यायचा. चिंचोके सुटून बाजूला पडतात.

हेमांगीबाईंचा पहिला टोला बोटावर बसला. दुसऱ्या टोल्याला चिंच चपटी झाली आणि चिंचोक्याचे तुकडे आतच अडकले.

“चिंचोका फोडायचा नसतो, डॉक्टरीणबाई. त्याला बाहेर येऊ द्यायचं असतं.”

तेजलचा हात सराईत होता. टक्, टक्, टक्. तिच्यापुढे काळ्या, चकचकीत चिंचोक्यांची रास वाढत होती.

“छान जमतं गं तुला,” हेमांगीबाई तिच्याकडे वळून म्हणाल्या. “घरी फोडता का तुम्ही?”

तेजलचा हात थांबला.

“आईबरोबर करतेस का हे? आई रागावते का कधी?”

तेजलनं दांडकं खाली ठेवलं.

“बघ,” आक्का म्हणाल्या. “तू तोंड उघडलंस की तिचं काम थांबतं.”

“न विचारता मला कळणार कसं?”

आक्कांनी पुढची चिंच घेतली.

हेमांगीबाईंनीही दुसरी चिंच दगडावर धरली. त्यांना राग आला होता. बोट ठणकत होतं. सव्वीस वर्षं आणि शेवटी हे… एका निरक्षर बाईच्या ओसरीवर चिंच फोडणं. त्यांनी राग दांडक्यावर काढला. पाच-सहा चिंचा वाया गेल्या. मग हाताला हळूहळू अंदाज आला. किती जोर, कुठे धरायचं. शेजारी तेजलचंही टक् टक् पुन्हा सुरू झालं.

ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं. समोर डोंगर तसाच बसून होता.

टक्… टक्…

“आमच्या शाळेतपण चिंचेचं झाड होतं,” हेमांगीबाई म्हणाल्या.

कुणी विचारलं नव्हतं.

“हं,” आक्का म्हणाल्या.

“मुली सुट्टीत दगड मारायच्या. शिपाई ओरडायचे… माझे वडीलच तिथं शिपाई होते.”

“हं.”

“सूचनांची वही घेऊन ते वर्गावर यायचे. बाई सूचना वाचून दाखवायच्या, तोपर्यंत ते दारात उभे. माझ्याकडे बघून हसायचे. रोज. मला बरं वाटायचं.”

टक्.

“आठवीत एक नवीन मुलगी आली. मामलेदारांची. माझ्या शेजारी बसायची. तिच्या वेणीला रेशमी रिबन असायची. तिनं मला विचारलं, हा शिपाई तुझ्याकडे बघून का हसतो? कोण आहे तुझा?”

हेमांगीबाईंनी एक चिंच उचलली. टरफल काढलं. एकेक शीर सोडवली. सगळ्या शिरा सोडवून झाल्या तरी चिंच हातातच होती.

“मी म्हटलं, मला नाही माहीत.”

आक्कांनी मान वर केली नाही.

“हळूच म्हटलं होतं मी. पण दार जवळ होतं… त्यांनी ऐकलं.”

“हं.”

“घरी काही बोलले नाहीत. संध्याकाळी नेहमीसारखं मला सायकल शिकवायला घेऊन गेले. मागून धरून पळत होते. मला वाटलं, ऐकलंच नसेल.”

टक्… आक्का.

टक्… तेजल.

“दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन आले. बाईंच्या हातात दिली. आणि दारात मैदानाकडे तोंड करून उभे राहिले. वर्गाकडे पाठ. बाईंनी वही परत दिली, तेव्हा मान खाली घालून घेतली आणि गेले.”

एक खार ओसरीच्या कठड्यावरून पळत गेली.

“तिसरी-चौथी वेळ झाली, तेव्हा मला कळलं. ते माझ्यासाठी तसे उभे राहत होते. मला लाज वाटू नये म्हणून. दहावीपर्यंत तसेच… रोज.”

आता फक्त आक्कांच्याच दगडाचा आवाज येत होता. हेमांगीबाईंच्या ते लक्षात आलं नाही.

“मला खूपदा वाटायचं, उठावं आणि भर वर्गात हाक मारावी. बाबा म्हणून. वही आली की ओठांवर यायचं. मग वही जायची… लोक मला विचारतात, हा विषय का निवडलात? मी आमच्या एका प्राध्यापकांचं नाव सांगते. त्यांचं व्याख्यान ऐकून निवडला म्हणते. इतक्या वर्षांत हजारो मुलांना विचारलं, तुम्ही घरच्यांशी का बोलत नाही? आणि मी…”

त्यांनी मनगटानं डोळे पुसले. तरी चिंचेची बोटं लागून डोळे चुरचुरले, तशा त्या रडता रडता किंचित हसल्या.

आपल्या पुढ्यातल्या दोन मुठी चिंचा आक्कांनी हेमांगीबाईंच्या पुढ्यात सरकवल्या.

हेमांगीबाईंनी दांडकं उचललं.

टक्.

“मग ते वळले का?”

आवाज घोगरा होता. बरेच दिवस बंद राहिलेल्या दारासारखा.

हेमांगीबाई गर्रकन वळल्या. तेजल खाली मान घालून आपल्या दगडाकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. हेमांगीबाईंचा एक हात टोपल्याकडे गेला होता. ओठांवर प्रश्न येऊन उभा होता, त्याच्या मागे आणखी दोन.

तेजलनं दांडकं हळूच खाली ठेवायला घेतलं.

तेवढ्यात पलीकडून आक्कांचा चिकट, आंबूस वासाचा हात आला. हेमांगीबाईंच्या गालावर टेकला. आणि लहान मुलाचं फिरवावं तसं त्यानं त्यांचं तोंड अलगद पुन्हा डोंगराकडे फिरवलं.

“खाली बघून सांग तिला, लेकी. चिंच अजून लई पडलीय.”