जपानी पाव्हण्यानं मागितलेली माफी

जपानचा माजी मंत्री हिराओका आमची गुऱ्हाळं बघायला आला. मी सरपंच. विरोधक खुर्चीवर टपलेले, म्हणून भर सभेत रुबाब दाखवायला इचारलं, "पाव्हणं, मंत्रीपद गेलं कशानं?"

दुभाष्या म्हणाला, "साहेब एका कारकुनावर खेकसले. कमरेत वाकून त्याची माफी मागितली आन् राजीनामा दिला."

"येवढ्यावरनं? असला भित्रा गडी आमी पंचायतीत झाडायला बी ठेवणार न्हाई!"

तेवढ्यात धोंडू शिपायानं गार च्या आणला. मी त्येचं सगळं खानदान काढलं.

पाव्हणा उठला, धोंडूपुढं कमरेत वाकला आन् कायतरी बोलला.

दुभाष्या चाचरत म्हणाला, "सरपंच, साहेब म्हणतात, तुमच्या वाटणीची माफी मी मागितली. राजीनामा तेवढा तुमी द्या."

सभेत टाळ्या पडल्या. पयली माझ्याच बायकोची.