धुरीला वाट सापडली

फार पूर्वी, माणसांच्या पाऊलवाटाही पडल्या नव्हत्या त्या काळी, एका रानात वाट शोधण्याची शर्यत होई. धनेश पक्षी सकाळी काही झाडं सांगे. ती क्रमाने शिवून टेकडीवरच्या वडापाशी पोहोचायचं. वाट ज्याची त्याने शोधायची.

धुरी कोल्हीण आदल्या वर्षीच्या शर्यतीत अशी हरवली, की तिला शोधायला सगळं रान निघालं. ती लाज तिच्या मनातून जाईना. पिल्लांचं खाणंपिणं उरकलं की ती सरावाला पळे. ओढा कुठे वळतो, उतार कुठे लागतो, सगळं थांबून थांबून पाहून ठेवी. पुढे अंगात ताप भरला, खोकला छातीत उतरला, तरी तिने सराव सोडला नाही.

"अगं, आधी बरी तरी हो," तळ्यातली कासवीण म्हणाली.

"बरी होईपर्यंत शर्यत उरकेल, मावशी. आणि पिल्लांमधून मला वेळ मिळतो तो एवढाच."

शर्यतीत धुरी एकदाही चुकली नाही. हरणंसुद्धा करवंदीच्या जाळीत भरकटली, पण ती शेवटचं झाड शिवून सगळ्यांच्या आधी तळ्याकाठी आली. तिथे मात्र तिला श्वास पुरेना. ती मटकन खाली बसली. एकेक जण तिच्या बाजूने पुढे निघून गेला.

कासवीण पाण्यातून वर आली. "वाट चुकलीस का गं?"

"नाही मावशी. तो काय वड, समोर दिसतोय." धुरी उठली, दोन पावलं चालली आणि पुन्हा खाली बसली. "तू जरा माझ्या पिल्लांकडे जातेस? मी काही आता घरी पोहोचत नाही."

कासवीण लगेच निघाली. तिच्या चालीने धुरीचं बीळ फार लांब होतं.