थोरल्या कॉम्प्युटरची सोवळी खोबण

चूक थोरल्या कॉम्प्युटरची होती, दुसऱ्या कुणाचीही नाही. वस्तू बोलायच्या त्या काळात तो एका वाचनालयाच्या टेबलावर बावीस वर्षं ठाण मांडून बसला होता. आता एक पुस्तक शोधायला त्याला अर्धा तास लागे. सोमवारपर्यंत जास्तीची मेमरी बसली नाही, तर त्याला टेबलावरून उतरवायचं ठरलं होतं.

त्याच्या पिढीची मेमरी दुकानांत मिळेना. त्याची दुरुस्ती करणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरने अख्खा बाजार पालथा घालून मेमरीची एक जुनी पट्टी आणली. तिची खाच थोरल्याच्या खोबणीशी तंतोतंत जुळत होती.

"बसू का, काका?" पट्टीने विचारलं.

"आधी सांग, कुणाकडची तू?"

"मटणाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरची."

थोरल्याचा पंखा घरघरला. "आमच्यात असलं चालत नाही. माझ्याकडे पोथ्यांची यादी आहे!"

"ती तुम्हाला आठवते तरी कुठे?" पट्टी म्हणाली.

त्याने तिला हाकललं आणि दुकानातली कोरी, चकचकीत पट्टी मागवली. तिची खाच भलतीकडेच होती.

"काका, मी इथे बसणार नाही. दोघंही जळू," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मोठ्यांपुढे तोंड चालवू नकोस. जरा जुळवून घ्यायला शिक!"

थोरल्याने कानशीकडून तिला घासून घेतलं आणि दाबून बसवलं.

बटण दाबताच पट्टी जळाली. तिच्यासोबत थोरल्याची खोबण जळाली, होती ती मेमरीही गेली. थोरला पुन्हा कधीच सुरू झाला नाही.