सात नंबरावरची वाट

“माही सही कशाले पाहिजे? तुह्या कागदावर चौघांच्या आहेत ना?”

मारोतराव पेंदोर अंगणातल्या बाजेवर बसून सुपारी कातरत होते. मान वर केली नाही.

गावाबाहेरच्या कोळसा खदानीत ते तीस वर्षं सरदार होते. म्हणजे टोळी आत सोडायच्या आधी सब्बल, लोखंडी पहार, घेऊन छत ठोकून पाहणारा माणूस. खदान बंद होऊन एकवीस वर्षं झाली. पगार थांबला, पण ‘सरदार’ ही पदवी काढून घ्यायला ऑफिस विसरले.

समोर शैलेश गौरकार उभा होता. छत ठोकायला तो सरदारांच्याच हाताखाली शिकला. पुढे सर्व्हे ऑफिसात नकाशे काढू लागला, मग नागपूरला गेला. आता पंचेचाळिशीत सायकलवाल्यांची तंग चड्डी आणि टोप घालून परत आला होता.

“ग्रामसभा अडून बसली आहे,” तो म्हणाला. “सरदार हो म्हणाले तरच वाट उघडू, म्हणतात. रविवारी स्पर्धा आहे. साठ सायकली येणार आहेत.”

वाट त्याने स्वतः काढली होती. अकरा किलोमीटर, दोन वर्षांची मेहनत. मातीच्या डोंगराएवढ्या ढिगाऱ्यांवरून खाली, कोळशाच्या डब्यांच्या गंजक्या रुळांशेजारून, कोळसा साठवायच्या पडक्या बंकरला वळसा घालून. नागपूरची नोकरी सोडून त्याने हे केले होते, आणि भेटेल त्याला तो ते सांगत असे.

पूर्वी या गावात डोक्याला टोप घालून जीव धोक्यात घालण्याचा पगार मिळे. आता त्यालाच प्रवेश फी होती.

“पाहिली तुही वाट,” सरदार म्हणाले. “वळणं चांगली काढली.”

“मग करा सही.”

“सात नंबरावरून काहून नेली?”

शैलेशने पाण्याची बाटली उघडली. प्यायला नाही. पुन्हा बंद केली.

“तिथं उतार चांगला मिळतो.”

“मिळनच. जमीन खाली बसली का उतार मिळतेच.”

“सरदार, अहवाल आहे माझ्याकडे!”

अहवाल खरोखरच होता. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे, स्पायरल बाइंडिंग. सात नंबराबद्दल, म्हणजे खदानीच्या सातव्या भागाबद्दल, त्यात एकच ओळ होती : ‘भूमिगत खांब शाबूत, भूपृष्ठ स्थिर.’ मागच्या पोळ्याला तिथल्याच कडेला तुळसाबाई निखाडेची गाय चरता चरता जमिनीत गेली होती. अहवालात त्याला ‘किरकोळ भूपृष्ठीय बदल’ म्हटले होते. गायीने अहवाल वाचलेला नव्हता.

“हे लिहिणारे खाली उतरले होते?”

“कसे उतरतील? खदानीच्या तोंडावर भिंत बांधली आहे.”

“मंग खांब कुठं पाहिले?”

“नकाशात.”

“नकाशा कोणी काढला?”

“...ऑफिसनं.”

“ऑफिसच्या बोटाले शाई लागते का रे?”

शैलेशचा चेहरा लाल झाला.

कोळसा काढताना मधे मधे कोळशाचेच जाड खांब सोडतात. वरची जमीन त्यांच्यावर उभी असते. खदान बंद होणार हे ठरल्यावर शेवटच्या सहा महिन्यांत सात नंबरातले खांबही कापून विकले गेले. कापणारी टोळी सरदारांची होती. हुकूम साहेबांचा होता. आणि नकाशात ते खांब सुबक, चौकोनी, एका ओळीत उभे करणारा हात शैलेशचा होता. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. नोकरी कच्ची होती.

“आता उकरून काय मिळणार तुम्हाला?” शैलेश ओरडला. “तुम्ही नव्हते का तिथं? खांब तुम्हीच कापले! मी फक्त रेघा मारल्या!”

“हाव. कापले. मी नाही कुठं म्हणतो?”

“एकवीस वर्षं हे गाव मेल्यासारखं पडलं आहे. कोणी फिरकत नाही. मी माणसं आणतोय, चार घरांत चूल पेटेल, तर तुम्ही आडवे येता. जळता तुम्ही, सरदार! चेल्यानं काही करून दाखवलं की गुरूला पचत नाही!”

सरदारांनी अडकित्ता बाजेवर ठेवला.

मग चपला पायात सरकवल्या.

“चाल.”

“कुठं?”

“सही कराले.”

दोघे वाटेने निघाले. ऊन चांगलेच तापले होते. शैलेश पुढे, ताडताड. जागोजागी त्याने लाल फिती बांधल्या होत्या, फलक लावले होते. ‘वेग सांभाळा’. ‘निसर्गाचा आदर करा’. निसर्गाचे जे काही करायचे ते आधीच्या लोकांनी उरकले होते, त्यामुळे आता आदर करायला हरकत नव्हती.

बंकर मागे पडला. मोठा उतार आला. उताराच्या पायथ्याशी गवताळ सपाटी, कढईसारखी किंचित खोलगट.

शैलेश थांबला.

तिथे फीत नव्हती. फलक नव्हता. दगडसुद्धा नव्हता.

“थांबला काहून?”

“...असाच.”

“सात नंबर इथूनच लागते. एका बोटाचाही फरक नाही. चांगलं ध्यानात ठेवलं तू.”

“सायकलवरून वीस वेळा गेलोय मी इथून!”

“हाव. पाहिलं. सुसाट गेला.”

सरदार त्याच्या बाजूने पुढे झाले आणि सपाटीच्या मधोमध जाऊन खाली बसले. मांडी घातली. कंबरेला खोचलेली प्लास्टिकची पन्नी काढली आणि तिच्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटू लागले.

खदानीत सरदारांची एक रीत होती. छत ठोकून झाले, आवाज चांगला आला, की ते एकटे त्या छताखाली जाऊन बसत. एक खर्रा घोटून, तोंडात टाकून, सावकाश चघळून होईपर्यंत. मग हाक मारत, आणि तेव्हाच टोळी आत येई. ज्याने छत पास केले त्याने आधी त्याच्याखाली बसायचे. हे कुठल्या नियमावलीत नव्हते. म्हणूनच बहुधा पाळले जाई.

“सरदार, नाटकं बंद करा,” शैलेश हसत म्हणाला.

सरदार घोटत राहिले.

“उठा ना. लोक पाहतील.”

“पाहू दे. रविवारी साठ जण पाहाचेच आहेत.”

“उठा म्हणतो ना!”

...

मागे उतारावरच्या फिती वाऱ्याने फडफडत होत्या. सरदारांनी खर्रा तोंडात टाकला. पन्नीची नीट घडी करून खिशात ठेवली. मग उजवा तळवा वर उचलला आणि शेजारच्या जमिनीवर एकदा थापटला, जोरात.

“उठा!” शैलेश किंचाळला. “तिथून उठा आधी! डोकं फिरलं का तुमचं? खाली काही नाही!”

“काय नाही?”

“खांब! खांब नाहीत खाली! एकही नाही! माहीत आहे ना तुम्हाला!”

“मले माहीत आहे,” सरदार म्हणाले. “तुह्या अहवालाले माहीत नव्हतं.”

शैलेश जागच्या जागी गोल फिरला. डोक्यावरचा टोप काढून त्याने शेजारच्या गंजक्या रुळांवर आपटला. आईवरून, साहेबांवरून, खदानीवरून, नागपूरवरून ज्या काही शिव्या त्याला येत होत्या त्या सगळ्या दिल्या. त्या संपल्या तेव्हा खिशातून फोन काढला आणि कोणाशी तरी बोलला. रविवार रद्द. नाही, पुढे ढकललेला नाही. रद्द. कारण? जमीन पोकळ आहे. हो, आधीपासून. हो, मला माहीत होते... माझ्या नावावर लिहा.

फोन खिशात गेला.

“झालं समाधान?” तो म्हणाला. डोळे भरले होते आणि आवाजात विष होते. “दोन वर्षं गेली माझी. रद्द केली तुमच्यासाठी. उठा आता.”

सरदारांनी शांतपणे एक पिंक बाजूला टाकली. शैलेश अजून तिथेच, कडेला, होता त्याच ठिकाणी उभा होता; साठ जणांना जिथून सोडणार होता त्या जमिनीवर त्याने आज एक पाऊलही टाकले नव्हते.

सरदारांनी त्याच्याकडे हात लांब केला.

“येऊन उठव.”